‘इंटरनॅशनल’ म्हणजे काय? जिनिव्हातल्या एका शाळेची शंभर वर्षे



तालुक्याच्या गावाकडे जाणाऱ्या कुठल्याही रस्त्याला लागा, पाच-दहा किलोमीटरच्या आत ‘इंटरनॅशनल स्कूल’ अशी एखादी पाटी दिसतेच. पिवळी बस वाडीवस्तीवर येते, गळ्यात टाय बांधलेली मुलं तिच्यात चढतात. आमच्या गटांच्या बैठकीत अंतर्गत कर्जाच्या मागणीत पूर्वी बियाणं, शेळी, आजारपण अशी कारणं असायची. आता त्यात ‘मुलाची फी’ हे कारण वरच्या वर आलं आहे. ज्या शब्दासाठी आपण कर्ज काढतो, तो शब्द कुठून आला, कोणी काढला आणि त्याचा मूळ अर्थ काय होता, हे आपल्याला माहीत असायला हवं. म्हणून आजच्या भागात आपण एका शाळेचा इतिहास पाहणार आहोत. ही शाळा आहे दूर स्वित्झर्लंडमध्ये, जिनिव्हा शहरात. तिचा आपल्या पुण्याशी एक धागा जुळतो, तोही पुढे येईल.

१९१८ साली पहिलं महायुद्ध संपलं. लाखो माणसं मेली होती. पुन्हा असं होऊ नये, देशादेशांनी भांडण बोलून मिटवावं, म्हणून १९२० साली राष्ट्रसंघ स्थापन झाला. आजच्या संयुक्त राष्ट्रसंघाचा तो पूर्वज. त्याचं मुख्य कार्यालय जिनिव्हाला होतं. कामगारांच्या प्रश्नांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटना निघाली, तिचं कार्यालयही तिथेच आलं. या संघटनेची पहिली परिषद १९१९ साली अमेरिकेत वॉशिंग्टनला भरली होती आणि तिथे हिंदुस्थानातल्या कामगारांच्या वतीने गेले होते आपल्या रायगड जिल्ह्यात जन्मलेले ना. म. जोशी. बाळंतपणाच्या रजेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार याच परिषदेत झाला. सांगायचं असं, की जिनिव्हात त्या काळी जे काम सुरू झालं होतं, त्याच्याशी आपला संबंध अगदीच नव्हता असं नाही.

या दोन्ही कार्यालयांत काम करायला वेगवेगळ्या देशांची माणसं जिनिव्हाला आली आणि बायकामुलांसह राहू लागली. मग प्रश्न उभा राहिला तो घरोघरी उभा राहतो तोच: पोरांना घालायचं कुठल्या शाळेत? गावातल्या शाळा फ्रेंच भाषेत चालायच्या आणि स्वित्झर्लंडचा अभ्यासक्रम शिकवायच्या. अमेरिकेतून आलेलं मूल तिथे बसणार कसं? आणि बसलं, तरी चार वर्षांनी बापाची बदली झाली की परत मायदेशी जाऊन तिथल्या परीक्षेला तोंड देणार कसं?

राष्ट्रसंघात काम करणारे अमेरिकेचे आर्थर स्वीटसर आणि पोलंडचे डॉक्टर लुडविक राख्मान यांनी हा प्रश्न हाती घेतला. हे राख्मान म्हणजे पुढे ‘युनिसेफ’ ही मुलांसाठीची संस्था उभी करणारे आणि तिचे पहिले अध्यक्ष. आपल्या अंगणवाडीत या संस्थेचं नाव बऱ्याच जणींनी ऐकलेलं असेल. त्यांच्या जोडीला जिनिव्हातले शिक्षणतज्ज्ञ अडोल्फ फेरिए होते. घोकंपट्टी नको, मुलांनी हातांनी करून शिकावं, असं मानणाऱ्यांपैकी ते होते. १९२४ च्या सप्टेंबरात जेमतेम आठ मुलांना घेऊन शाळा सुरू झाली. नाव ठेवलं ‘इंटरनॅशनल स्कूल ऑफ जिनिव्हा’. लोक तिला थोडक्यात ‘एकोलिंट’ म्हणतात. त्याच वर्षी जपानमध्ये योकोहामालाही अशी एक शाळा निघाली. जगातल्या सर्वांत जुन्या आंतरराष्ट्रीय शाळांत या दोन्हींची गणना होते.

शाळा खाजगी होती, पण नफ्याचा धंदा म्हणून काढलेली नव्हती. ज्यांची मुलं तिथे शिकत होती त्यांनीच एकत्र येऊन ती उभी केली होती. मैत्रिणींनो, आपल्या बचतगटासारखंच हे. गरज आपली, म्हणून खटपटही आपली.

आता या शाळेतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ती एका भाषेची शाळा नव्हती. फ्रेंच आणि इंग्रजी या दोन्ही तिच्या कामाच्या भाषा होत्या आणि दोघींचा मान सारखा होता. राष्ट्रसंघाचं कामकाजही याच दोन भाषांत चालायचं. पण शाळेत दोन भाषा ठेवण्यामागे सोयीपेक्षा मोठा विचार होता. एकाच भाषेच्या वर्गात ती भाषा ज्याच्या घरची, ते मूल घरचं आणि बाकीची पाहुणी. दोन भाषा सारख्या मानाच्या असल्या की या तासाला एक मूल अडखळतं आणि दुसरं त्याला मदत करतं, पुढच्या तासाला पारडं फिरतं. अडखळणं हा मग कमीपणा राहत नाही. ते प्रत्येकाच्या वाट्याला येतं. दुसऱ्याचं ऐकून घ्यायची सवय पुस्तकातून लागत नाही, अशी लागते. ज्या माणसांनी नुकतंच महायुद्ध पाहिलं होतं, त्यांना मुलांना हीच सवय लावायची होती.

म्हणजे ‘इंटरनॅशनल’ या शब्दाचा सुरुवातीचा अर्थ ‘इंग्रजी माध्यम’ असा मुळीच नव्हता. निदान दोन भाषा, आणि दोन्हींना मान, असा तो होता.

अर्थात यातही एक उणीव होती आणि ती सांगितली पाहिजे. ज्या मुलाची घरची भाषा पोलिश, चिनी किंवा हिंदी, त्याला दोन्ही भाषा परक्याच. त्याच्या आईच्या भाषेला शाळेत जागा नव्हती. मानाच्या भाषा दोन होत्या, पण त्या ताकदवान देशांच्या होत्या. ही उणीव थोडीफार भरून निघायला पुढची चाळीस-पन्नास वर्षं जावी लागली.

आता पुण्याचा धागा. १९२६ साली जवाहरलाल नेहरू पत्नी कमला नेहरू यांच्या आजारपणासाठी स्वित्झर्लंडला गेले. सोबत आठ वर्षांची इंदिरा होती. तिला जिनिव्हाच्या याच शाळेत घातलं. पुढे तिथल्याच बेक्स गावातल्या शाळेतही ती काही काळ शिकली. या दिवसांत ती फ्रेंच शिकली. पुढे पंतप्रधान झाल्यावर इंदिरा गांधींनी फ्रेंच दूरचित्रवाणीवर फ्रेंचमधूनच मुलाखत दिली, ती या पायावर. हिंदुस्थानात परतल्यावर १९३१ च्या सुमारास आईवडील दोघंही स्वातंत्र्याच्या लढ्यात गुंतलेले, तुरुंगाच्या वाऱ्या चालू. तेव्हा इंदिरेला पुण्याला ‘प्युपिल्स ओन स्कूल’ या छोट्या वसतिगृहाच्या शाळेत ठेवलं. कूंवरबाई आणि जहांगीर वकील हे जोडपं ती चालवायचं. हे दोघं पूर्वी रवींद्रनाथ टागोरांच्या शांतिनिकेतनात राहिलेले होते. ‘प्युपिल्स ओन स्कूल’ म्हणजे विद्यार्थ्यांची स्वतःची शाळा. १९३४ मध्ये इंदिरा मॅट्रिक झाली आणि शांतिनिकेतनला गेली. जिनिव्हा, पुणे आणि शांतिनिकेतन, तिन्ही ठिकाणी एकाच काळात शाळा कशी असावी याचा नवा विचार चालू होता. आपला देश त्यात मागे नव्हता.

जिनिव्हाच्या शाळेकडे परत येऊ. १९२९ साली तिची सूत्रं एका बाईच्या हाती आली. मारी-तेरेझ मोरेत त्यांचं नाव. त्या फ्रान्सच्या. त्यांनी सलग वीस वर्षं, १९४९ पर्यंत, ही शाळा चालवली. हा काळ लक्षात घ्या. स्वित्झर्लंडमध्ये तेव्हा बायकांना मताचा अधिकारही नव्हता. जिनिव्हा प्रांतात तो १९६० साली मिळाला आणि देशाच्या निवडणुकीत तर १९७१ साली. आपल्याकडे १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत आपल्या आज्या-पणज्यांनी मत दिलं, त्याच्याही एकोणीस वर्षांनंतर. ज्या देशात बाईला मत नव्हतं, त्या देशात देशोदेशीच्या मुलांची शाळा एक बाई चालवत होती.

मोरेतबाईंचं म्हणणं असं, की शांततेवर नुसती भाषणं देऊन मुलं शांतताप्रिय होत नाहीत, शाळेच्या रोजच्या कामाची रीत बदलावी लागते. भूगोल आणि इतिहास फक्त आपल्या देशाचा न शिकवता साऱ्या जगाचा शिकवावा. प्रत्येक मुलाला दुसरी भाषा नुसती पाठ न होता वापरता यावी. शाळेबाहेरच्या लोकांच्या उपयोगी पडणारं काही काम मुलांनी करावं. ‘आंतरराष्ट्रीय संस्कृती’ असा एक विषयच त्यांनी शाळेत सुरू केला. दुसरं महायुद्ध आलं, राष्ट्रसंघ मोडकळीला आला, कुटुंबं पांगली, तरी शाळा टिकली. युद्धानंतर १९४८ साली युनेस्कोने मोरेतबाईंचं एक टिपण प्रसिद्ध केलं. शांततेसाठी शिक्षण देण्याच्या काही रीती असतात का, हा त्याचा विषय. आपल्या शाळेत जे करून पाहिलं तेच त्यांनी त्यात मांडलं होतं.

पण एक व्यावहारिक अडचण सुटली नव्हती. दहावी-बारावीच्या वयाची मुलं झाली की वर्ग फुटायचा. अमेरिकेला जाणाऱ्यांची परीक्षा वेगळी, इंग्लंडला जाणाऱ्यांची वेगळी, फ्रान्सची वेगळी, स्वित्झर्लंडची वेगळी. आठ-दहा वर्षं एका बाकावर बसलेली मुलं शेवटच्या दोन वर्षांत चार गटांत विखुरली जायची. एकाच विषयाचे चार अभ्यासक्रम चार जागी शिकवायचे. शाळेला खर्च परवडेना, आणि मुलांना एकत्र वाढवण्याचा हेतूही ऐन शेवटी मोडायचा.

यावर उपाय वरून कुठल्या मंत्र्याने काढला नाही. तो शाळेतल्या शिक्षकांनी काढला. रॉबर्ट लीच नावाचे इतिहासाचे शिक्षक होते. त्यांच्या पुढाकाराने १९६२ साली जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय शाळांतल्या सामाजिक शास्त्रांच्या शिक्षकांची परिषद भरली. सर्व देशांच्या मुलांना चालेल असा समकालीन इतिहासाचा एकच अभ्यासक्रम करून पाहायचं ठरलं. एका विषयातून दुसरा विषय निघाला. अमेरिकेतल्या फोर्ड फाउंडेशनने पैसा दिला. शेवटी १९६८ साली जिनिव्हालाच ‘इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट’ ही संस्था रीतसर नोंदली गेली. आज ‘आयबी’ म्हणतात ती हीच. इंग्लंडचे शिक्षणतज्ज्ञ अलेक पीटरसन तिचे पहिले महासंचालक झाले.

अकरावी-बारावीच्या वयासाठीचा आयबीचा जो डिप्लोमा आहे, त्यात सहा विषय असतात. त्याशिवाय चार हजार शब्दांचा एक अभ्यासपूर्ण निबंध, ‘आपल्याला जे माहीत आहे ते खरं कशावरून?’ याचा विचार करायला लावणारा एक विषय, आणि कला, खेळ व समाजोपयोगी काम. मोरेतबाईंच्या शाळेची छाप यात सरळ दिसते. भाषेच्या बाबतीत आयबी जुन्या शाळेच्या एक पाऊल पुढे गेली. पहिला विषय असतो तो आपल्याला सर्वांत चांगल्या येणाऱ्या भाषेतल्या साहित्याचा. ती भाषा इंग्रजीच हवी असं नाही. शाळेत त्या भाषेचे शिक्षक नसतील, तर मुलाने शाळेच्या मदतीने स्वतः अभ्यास करावा, अशीही सोय ठेवली आहे. दोन भाषांत वरच्या पातळीचा अभ्यास करणाऱ्याला वेगळा ‘द्विभाषिक डिप्लोमा’ मिळतो. म्हणजे घरची भाषा पक्की असणं हे तिथे ओझं नाही, तो गुण आहे.

आपल्या देशात आयबी पहिल्यांदा आली ती १९७६ साली, तमिळनाडूतल्या कोडाईकनाल इंटरनॅशनल स्कूलमध्ये. ती शाळा मुळात १९०१ साली मिशनरी लोकांच्या मुलांसाठी निघाली होती. पुढे मुंबई-पुण्यातही आयबीच्या शाळा आल्या.

इथे या इतिहासाची दुसरी बाजू येते: प्रवेश कोणाला? जिनिव्हाची शाळा अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी निघाली. आज तिच्या तीन ठिकाणच्या आवारांत मिळून चार हजारांवर मुलं शिकतात. पण वरच्या वर्गांची वर्षाची फी तीस हजार स्विस फ्रँकच्या पुढे आहे. आपल्या पैशात ती तीस लाख रुपयांच्या पुढे जाते. तिथे बरीच फी पालकांच्या वतीने मोठमोठ्या संस्था-कंपन्या भरतात. साऱ्या जगाची मुलं एका वर्गात बसावीत हा हेतू खरा होता, पण जगातल्या गरिबाचं मूल त्या वर्गात सहसा बसलं नाही.

ही गोष्ट खटकलेली माणसंही होती. १९६२ साली कुर्ट हान यांच्या विचारातून वेल्समध्ये अटलांटिक कॉलेज निघालं. त्यातून ‘युनायटेड वर्ल्ड कॉलेज’ ही शाळांची साखळी उभी राहिली. तिथे मूल निवडायचं ते त्याची धमक पाहून, आणि फी झेपत नसेल तर शिष्यवृत्ती द्यायची, असं धोरण आहे. प्रत्येक देशातली समिती आपल्या देशाची मुलं निवडते. अशी एक शाळा १९९७ सालापासून आपल्या पुणे जिल्ह्यात मुळशी तालुक्यात पौडजवळ आहे. देशोदेशीची मुलं तिथे दोन वर्षं राहून आयबीचा डिप्लोमा करतात. दार थोडं रुंद झालं हे खरं. पण निवड कडक आणि जागा मोजक्या, त्यामुळे तिथवर पोचणारी मुलं थोडीच.

आपल्या सरकारनेही एक प्रयोग करून पाहिला. २०१८ च्या सुमारास ‘महाराष्ट्र आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ’ निघालं. जिल्हा परिषदेच्या निवडक शाळांत जागतिक दर्जाचा अभ्यासक्रम आणायचा आणि तोही मराठी माध्यमात, ही त्यामागची कल्पना. तीन-चार वर्षांत सरकार बदललं आणि मंडळही गुंडाळलं गेलं. हा प्रयोग फसला की त्याला पुरता वेळच मिळाला नाही, यावर वाद घालता येईल. पण ‘आंतरराष्ट्रीय’ आणि ‘मराठी’ हे दोन शब्द एका सरकारी कागदावर शेजारी बसले होते, एवढं तरी आपण लक्षात ठेवू. आणि गणित-विज्ञान इंग्रजीत, बाकी विषय मराठीत अशा ज्या आपल्या सेमी-इंग्रजी शाळा आहेत, त्याही दोन भाषांच्याच शाळा आहेत. फक्त त्यांच्या पाटीवर मोठा शब्द नाही.

मैत्रिणींनो, हा इतिहास ऐकून आपण काय करायचं? मुलांना मोठ्या शाळेत घालू नका, असं आम्ही सांगत नाही. आईला लेकराचं भलं हवं असतं आणि इंग्रजी यायलाच हवी, याबद्दल दुमत नाही. पण फी भरण्याआधी शाळेच्या ऑफिसात बसून चार प्रश्न विचारायचे.

पहिला प्रश्न, मंडळ कोणतं? नावात ‘इंटरनॅशनल’ असलं म्हणून अभ्यासक्रम आंतरराष्ट्रीय असतोच असं नाही. तो राज्य मंडळाचा असतो, सीबीएसईचा असतो, आयसीएसईचा असतो, केंब्रिज किंवा आयबीचाही असू शकतो. ज्या मंडळाचं नाव शाळा सांगते, त्या मंडळाच्या संकेतस्थळावर शाळेचं नाव आहे का ते घरातल्या शिकत्या मुलीकडून मोबाइलवर बघून घ्यायचं.

दुसरा, मराठीचं काय? किती तास, कोणत्या इयत्तेपर्यंत, शिक्षक कोण? मराठी बोललं म्हणून दंड करणाऱ्या शाळेला आंतरराष्ट्रीय म्हणवून घ्यायचा काय अधिकार? आयबीच्या शाळांना तर आपलं भाषाधोरण लिहून ठेवावं लागतं. ते दाखवा म्हणायचं.

तिसरा, पूर्ण फी किती, आणि ती कोणी ठरवली? आपल्या राज्यात शुल्क नियमनाचा २०११ चा कायदा आहे. पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे फी ठेवावी लागते. त्या समितीत जाऊन बसा. जिनिव्हाच्या पालकांनी शाळा उभी केली, आपल्याला निदान हिशेब विचारता आला पाहिजे.

चौथा, २५ टक्के जागांचा. शिक्षणहक्क कायद्याने विनाअनुदानित खाजगी शाळांत सुरुवातीच्या वर्गात एवढ्या जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवायच्या असतात. अल्पसंख्याक शाळा तेवढ्या याला अपवाद. २०२४ साली राज्य सरकारने नियम बदलून बऱ्याच खाजगी शाळांना यातून सूट दिली होती, पण मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल त्याच वर्षी रद्द केला. जागा शाबूत आहेत. मात्र हे संरक्षण आठवीपर्यंतच. नववीपासून त्याच शाळेची पूर्ण फी आपल्या अंगावर येते. आज पहिलीत प्रवेश घेताना आठ वर्षांनंतरचा हा आकडा वहीत मांडून ठेवा. नाहीतर ऐन हायस्कुलात मुलाला शाळेतून काढायची वेळ येते, आणि अशा वेळी घरात आधी काढलं जातं ते मुलीला, हे आपण सगळ्या जाणतो.

शंभर वर्षांपूर्वी आठ मुलांना घेऊन निघालेल्या त्या शाळेने एक गोष्ट दाखवून दिली. जग मोठं करायचं तर दुसरी भाषा जोडावी लागते, पहिली तोडावी लागत नाही. आपल्या लेकराला जात्यावरच्या ओव्या कळाव्यात आणि इंग्रजीतला औषधाचा कागदही वाचता यावा. दोन्ही जमतं, ते शिकवणारी शाळा हवी. पाटीवर काय लिहिलंय ते नंतर बघू.